मराठी मेसेजचा अर्थ वारंवार उलटा लागतोय: बिघाड कुठं असतो आणि दुरुस्ती कशी करायची

हा मेसेज बघा. "उद्या पाणी येणार नाही आल्यास कळवू". आता सांगा, उद्या नळाला पाणी आहे का नाही?

एका घरानं वाचलं, उद्या पाणी येणार, नाही आल्यास कळवू. त्यांनी टाकीतलं शिल्लक पाणी सोडून टाकी घासून ठेवली. शेजारच्या घरानं वाचलं, उद्या पाणी येणार नाही, आल्यास कळवू, आणि त्यांनी टँकरवाल्याला फोन लावला. दोघंही शिकलेले, दोघांनीही नीट वाचलं. लिहिणाऱ्यानं एक स्वल्पविराम टाकला नाही एवढंच. आपल्या मराठवाड्यात पाणी रोज येत नाही, लातूरला तर २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, त्यामुळं पाण्याचा मेसेज कुणी सहज वाचून सोडत नाही, त्यावर लोक दिवस ठरवतात.

माझं तहसीलजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, नोटिसा, लग्नपत्रिका, बॅनरचा मजकूर, सोसायटीचे मेसेज, सगळं हातातून जातं, आणि ही तक्रार परत परत येते की बरोबर लिहूनसुद्धा लोक उलटंच समजले. त्यावर सगळ्यांचं एकच उत्तर तयार असतं, आजकालच्या पोरांना मराठी येत नाही. मला हे बिलकुल पटत नाही. पोरांना मराठी येतं, बोलताना ती कुठंच चुकत नाहीत. बिघाड जास्त करून फोनच्या सेटिंगमध्ये, कीबोर्डमध्ये आणि पाठवायच्या घाईत असतो, आणि आपण दरवेळी तो एक मेसेज हातानं दुरुस्त करतो पण जिथून चूक येते ती जागा तशीच राहते, म्हणून आठ दिवसांनी तेच.

तर सगळ्यात आधी फोनचा कीबोर्ड बघा. स्पेसबारवर काय लिहिलंय ते वाचा. लई जणांच्या फोनवर तिथं "हिंदी" असतं आणि त्यांना ते माहीतही नसतं, कारण दुकानदारानं फोन देताना हिंदी चालू करून दिलेलं असतं आणि अक्षरं तर सारखीच दिसतात. पण खाली जे शब्द सुचवले जातात ते हिंदीच्या शब्दकोशातले. हिंदीत महीना, दूसरा, तीसरा, गरीबी, स्थिति, व्यक्ति असं लिहितात आणि ते हिंदीत बरोबरच आहे. मराठीत महिना, दुसरा, तिसरा, गरिबी, स्थिती, व्यक्ती. माणूस पहिली दोन अक्षरं टाकतो, खाली शब्द दिसला की बोट लावतो, झालं. मग लोक म्हणतात ह्याला ऱ्हस्वदीर्घ कळत नाही. हिंदी कीबोर्डवरून पूर्णविरामाच्या जागी उभा दंड येतो तोही इथूनच.

जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, असेल तर सेटिंगमध्ये भाषा, मग कीबोर्ड जोडा, मग मराठी. मराठी घेतल्यावर हिंदी काढूनच टाका, दोन्ही ठेवलं तर गोलाचं बटण चुकून दाबलं जातं आणि परत हिंदीवर जातंय.

एवढं करूनही तीच चूक येत असेल तर कीबोर्डनं ती शिकून घेतलीय. तुम्ही दहा वेळा "आणी" लिहिलं असेल तर तो अकराव्या वेळी स्वतःहून "आणी" पुढं करतो. तो सुचवलेला शब्द दाबून धरा आणि कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर ओढून सोडा, गेला. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे आणि निम्मा त्रास इथंच संपतो असं मी बघितलंय.

इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणारे आहेत त्यांची अडचण वेगळी. तिथं "केल" आणि "केलं" दोन्ही शेजारी दिसतात आणि घाईत बोट पहिल्यावर पडतं. "काम केल, घर बांधल, पाणी आल" हे जे सगळीकडं दिसतं ते बहुतेक इथून आलंय. तो टिंब टाकायला अर्धा सेकंद लागतो, पण टाकाच, कारण मराठीत टिंबावर लई काही अवलंबून आहे.

टिंबाचं जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. "मंडळातील शेतकऱ्यांनी अर्ज करावेत" आणि "मंडळांतील शेतकऱ्यांनी अर्ज करावेत". पहिल्यात एक महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा मिळून गट, दुसऱ्यात अनेक. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात, हे आता आपल्याकडं पोराटोरांना पाठ झालंय. समजा तालुक्यात तीन मंडळं त्यात बसली आणि मेसेज लिहिणाऱ्यानं "खालील मंडळातील" लिहिलं, आणि फॉरवर्ड करताना खालची यादी कापली गेली. आता वाचणारा काय समजणार? आपलंच एक मंडळ असेल, नाहीतर दुसरंच कुठलं तरी असेल. टिंब असता तर निदान एवढं कळलं असतं की मंडळं एकापेक्षा जास्त आहेत, यादी शोधली पाहिजे. तसंच "गावातील" आणि "गावांतील", "शाळेतील" आणि "शाळांतील". शेतकऱ्याला म्हणजे एकाला, शेतकऱ्यांना म्हणजे सगळ्यांना. आणि मानाचं बी ह्याच टिंबावर आहे, "सरपंचाने सांगितले" आणि "सरपंचांनी सांगितले" ह्यात किती फरक आहे हे गावात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही.

ह्याच्या उलट, नको तिथं टिंब देणं पण वाढलंय. "त्यांने", "मुलांने" असं लिहितात. एक माणूस असेल तर त्याने, जास्त असतील किंवा मान द्यायचा असेल तर त्यांनी. मधलं तिसरं काही नाही.

आता ऱ. "शेतकर्यांना", "दुसर्या दिवशी", "वार्यामुळे" असं दिसलं की समजा लिहिणाऱ्याला ऱ सापडला नाही. मराठी कीबोर्डवर र दाबून धरला की खाली नुक्ता असलेला ऱ दिसतो, तो घ्या, पुढं पायमोड्या, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह, पुढं य. झालं ऱ्य. हा नुसता दिसायचा प्रश्न नाही. लग्नाच्या मेसेजमध्ये "आचार्यांना गाडी पाठवा" लिहिलं तर गाडी गुरुजींच्या दारात उभी राहते आणि स्वयंपाकाचे आचारी स्टँडवर. आचाऱ्यांना असं हवं होतं. कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी वापरत असाल तर र इंग्रजी J च्या बटणावर आहे, तेच शिफ्टसकट दाबा, ऱ येतो.

ह्यातली अजून एक मेख सांगतो, विशेषतः जे याद्या करतात त्यांच्यासाठी. ऱ्य दोन पद्धतीनं बनतो. एक म्हणजे ऱ अधिक पायमोड्या, आणि दुसरा म्हणजे साधा र, पायमोड्या आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द आहेत, त्यामुळं एक्सेलमध्ये नाव शोधलं की सापडत नाही आणि माणूस म्हणतो यादीत नावच नाही. नाव समोर दिसतंय आणि शोधल्यावर मिळत नाही असं झालं तर नावात ऱ्य किंवा ऱ्ह आहे का ते आधी बघा. विसर्गाचं पण असंच आहे. दुःख, अंतःकरण, स्वतः लिहिताना लोक इंग्रजीचा कोलन देतात, दिसतं सारखंच, पण कोलन हे अक्षर नाही, विरामचिन्ह आहे, त्यामुळं शोधताना शब्द सापडत नाही आणि कधी कधी ओळ मधेच तुटते. फोनवर ः वेगळा आहे, टिंबाच्या आसपास सापडेल. इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि डॅशचं बटण.

मेसेजमधून प्रश्नचिन्ह हल्ली गायबच झालंय, ते का ह्याचं कारण मला बरेच दिवस कुणी विचारलं नव्हतं, पण ते ऐकण्यासारखं आहे. विंडोजच्या जुन्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्लॅशच्या बटणावर य बसवलाय, म्हणजे जिथं इंग्रजीत प्रश्नचिन्ह असतं तिथं मराठीत ते नाहीच. प्रश्नचिन्हासाठी इंग्रजीवर जा, चिन्ह टाका, परत मराठीवर या. ऑफिसात दिवसभर टाइप करणारा माणूस हे किती वेळा करणार? तो सोडून देतो, मग सवय लागते, मग फोनवर समोर प्रश्नचिन्ह असलं तरी हात तिकडं जात नाही. आणि मराठीत हो किंवा नाही विचारायचं असेल तर बोलताना आपण नुसता आवाज वर नेतो, शब्द तेच राहतात. "हप्ता भरला." "हप्ता भरला?" आमच्या भागातल्या एका बचत गटात अध्यक्षताईंनी विचारलं होतं, "जूनचा हप्ता भरला", आणि सचिवताईंनी ती माहिती समजून वहीत जमा लिहून टाकलं. बँकेत गेल्यावर कळलं की पैसे कुणीच भरले नव्हते. चिन्ह टाकायचं जमत नसेल तर निदान "का" तरी लिहा, भरला का, आले का, मिळालं का. "का" असलं की चिन्ह नसलं तरी निभावतं. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड, म्हणजे इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणारा, मिळतो, ज्यांना इनस्क्रिप्टची सवय नाही त्यांनी तो लावून बघायला हरकत नाही.

आकडे लिहिताना तर हात जोडून सांगतो, सावकाश लिहा. तुरीत शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के हे औषध १० लिटर पाण्यात ४.४ ग्रॅम घेतात. हा आकडा मेसेजमधून फिरताना मधला बिंदू कधी पडतो, कधी "४ . ४" असा मोकळा लिहिलेला असतो आणि एक ४ ह्या ओळीत, दुसरा पुढच्या ओळीत जातो. ४४ ग्रॅम म्हणजे दहापट औषध पंपात गेलं. पीक जळेल, पैसा जाईल, फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर येईल ते वेगळंच. बिंदूच्या दोन्ही बाजूला जागा सोडू नका आणि शेजारी शब्दात लिहा, "साडेचार ग्रॅमच्या आत". औषधाचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी डब्यावरचं लेबल वाचून आकडा जुळवा, ह्यात कंटाळा नको.

व्हॉइस टायपिंगवाले आता लई वाढलेत, म्हाताऱ्या माणसांना ते बरं पडतं, मला काही वाईट वाटत नाही. पण त्यात शब्द बरे उमटतात, चिन्हं बहुतेक वेळा येतच नाहीत, आणि आपल्या बोलीतली रूपं त्याला कळत नाहीत, जायलाव म्हणलं की भलतंच काहीतरी येतं. उपाय साधा आहे. एक वाक्य बोला, थांबा, बोटानं पूर्णविराम द्या, मग पुढचं वाक्य. सगळं एका दमात बोलून शेवटी चिन्हं टाकू म्हणलं तर ते कधीच होत नाही.

जागा सोडण्याबद्दल दोन शब्द. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह हे शब्दाला चिकटून, जागा त्यांच्यानंतर. "नमस्कार ,उद्या" असं लिहिलं तर चिन्ह पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतं. आणि "घरा मध्ये", "शेता साठी", "ग्रामपंचायती ने" हे तोडून लिहू नका, मराठीत ते जोडून आहे. सुचवलेला शब्द घेतला की फोन स्वतःहून पुढं जागा टाकतो, ती मागं जाऊन पुसायची.

बॅनर आणि पेपरवाल्यांची अडचण मात्र खरी जुनी आहे. डीटीपीवाले अजूनही श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर करतात. त्या फॉन्टमध्ये इंग्रजीच्या अक्षरांवर आणि चिन्हांच्या बटणांवर मराठी अक्षरं बसवलेली आहेत, त्यामुळं तिथला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोन आणि इंटरनेटवर चालणाऱ्या पद्धतीत, बदलताना सगळ्यात आधी चिन्हंच मार खातात, डॅशचा पूर्णविराम होतो, रफार एक घर पुढं सरकतो, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. कन्व्हर्टरवर आंधळा विश्वास ठेवू नका. बदलल्यावर फक्त चार गोष्टी तपासा: रफार, पहिली वेलांटी, आकडे आणि वाक्याचा शेवट. मजकूर आधीच युनिकोडमध्ये केला तर हे काहीच करावं लागत नाही.

बॅनरवरून आठवलं, दरवर्षी १७ सप्टेंबरला गावोगाव "मराठवाडा मुक्तीसंग्राम दिन" असे बॅनर लागतात. १९४८ ला ह्या दिवशी आपला भाग निजामाच्या राजवटीतून सुटला, लोकांनी त्यासाठी जीव दिलाय, निदान त्या दिवसाचं नाव तरी शुद्ध असावं असं मला मनापासून वाटतं. मुक्ती एकटा असेल तर दीर्घ, पण संस्कृतातून आलेला असा शब्द समासात पहिला आला की ऱ्हस्व राहतो, म्हणून मुक्तिसंग्राम. त्याच नियमानं शक्ती, पण शक्तिपीठ. हा शब्द तर आता महामार्गामुळं रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी आहे. आणि प्रत्यय लागल्यावरचं बघा, जमीन पण जमिनीचा, वकील पण वकिलाला, पूल पण पुलावर. विद्यापीठ मात्र विद्यापीठात, शरीर शरीराला, कारण ते संस्कृतातून जसेच्या तसे आलेत. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ ला लेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ ला त्यात चार वाढवले, एकूण अठरा. दोनचार पानांत मावतात. एक झेरॉक्स काढून दुकानात, शाळेत, सोसायटीच्या टेबलावर काचेखाली ठेवा.

काही जण वाद घालतात की आपल्या जुन्या पोथ्यांत कुठं होता स्वल्पविराम, मोडी लिपीत तर शब्दसुद्धा सुटे नसायचे, मग आत्ताच एवढा आग्रह कशाला. हे खरंय की विरामचिन्हं मराठीत एकोणिसाव्या शतकात आली आणि ती रूढ करण्यात मेजर थॉमस कँडी ह्यांचा मोठा वाटा होता. पण पोथी ओवीत होती, ओवीचे चरण जिथं थांबवतात तिथंच वाचणारा थांबतो, आणि वाचणारा एकटा नसायचा, समोर सांगणारा बसलेला असायचा. मेसेजला ना ओवी आहे ना सांगणारा. आणि आपल्याकडं मजकुराच्या शुद्धतेची काळजी कुणी केलीच नाही असं कोण म्हणतं? नकला करणाऱ्यांच्या हातून ज्ञानेश्वरीत पाठभेद घुसले होते, तेव्हा पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, वेगवेगळ्या प्रती जुळवून शुद्ध प्रत तयार केली. फॉरवर्ड होत होत बिघडलेला मजकूर मुळाशी जुळवून घेणं, हे काम गोदाकाठी तेव्हाच झालंय.

आणि बोलीला ह्यात ओढू नका. काय करायलास, कुठं चाललाव, लई झालं, हे चूक नाही, ती आपली भाषा आहे, घरच्या माणसांना लिहिताना बिनधास्त लिहा. कुणी "करायलो" लिहिलं म्हणून त्याला हसणारे आणि स्वतः स्वल्पविराम न टाकणारे मला दोन्हीकडून चुकीचे वाटतात. उलट बोलीत लिहिताना चिन्हांची गरज जास्त आहे. "दादा म्हणले तात्या येऊ नका". कोण म्हणलं, दादा का तात्या? "दादा म्हणले, तात्या येऊ नका" लिहिलं तर तात्यांनी घरी बसायचं. "दादा, म्हणले तात्या, येऊ नका" लिहिलं तर दादांनी. शब्द पूर्ण आपले, चिन्हानं फक्त निरोप योग्य माणसाकडं जातो. अर्ज, नोटीस, ठराव असेल तर मात्र प्रमाण मराठी ठेवा, कारण ते कुठल्या जिल्ह्यातला साहेब वाचणार हे आपल्याला माहीत नसतं.

सवय लावायची असेल तर एकच लावा. ज्या वाक्यात "नाही", "नको", "नका" किंवा "बंद" आहे ते पाठवण्याआधी मोठ्यानं वाचा, जिथं आवाज थांबतो तिथं चिन्ह आहे का बघा. "खरेदी बंद नाही सुरू आहे" हे तोंडानं वाचलं की लगेच कळतं काय राहिलंय. बाकीचं एखादं चुकलं तर माणूस समजून घेतो, ह्या चार शब्दांपाशी चुकलं तर अर्थच फिरतो.

चुकून गेलंच तर व्हॉट्सअ‍ॅपवर २०२३ पासून मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, मेसेज दाबून धरा, एडिट घ्या. पण तोपर्यंत कुणी तो पुढं पाठवला असेल तर त्या पुढच्या प्रतीत दुरुस्ती जात नाही, ती तशीच फिरत राहते. पाणी, औषध, तारीख, पैसे ह्यातलं काही असेल तर नुसतं एडिट करून थांबू नका, नवीन मेसेज टाका आणि वर "आधीचा मेसेज धरू नका" असं स्पष्ट लिहा. दुसऱ्या कुणाचं चुकलेलं दिसलं आणि ते मोठे असतील तर ग्रुपवर सगळ्यांदेखत दाखवू नका, वेगळा फोन करा आणि दुरुस्त केलेला पूर्ण मेसेज त्यांना तयार करून द्या, म्हणजे "काका, हा फक्त परत टाका" एवढंच म्हणावं लागतं.